काविकाचा ओऊ

४ मार्च, रविवार

माझा नवरा मासाओ गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही. शेजारच्या हारुएशी बोलते, पण तिच्याशी बोलणं म्हणजे वाद घालणं. वहीचं तसं नाही.

आज माझा धाकटा भाऊ काविका आला होता. जंगलातून आला की आधी मागच्या अंगणात पाइपाखाली उभा राहतो, चिखल धुतो आणि मगच घरात येतो. ही सवय मी लावली. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, त्याला मीच वाढवलं. आज अळकुड्या कुटून केलेली पोई आणि पानात शिजवलेलं डुकराचं मटण केलं होतं, दोनदा मागून घेतलं. आता त्याची चाळिशी उलटली, तरी त्याच्या ताटाकडे माझं लक्ष असतंच.

तुरुंगातून सुटला तेव्हा सगळे म्हणाले होते, हा परत आत जाणार. नाही गेला. दारूही सोडली. होनोलुलूला कोणी श्रीमंत गृहस्थ आहेत, पक्ष्यांचे वेडे. त्यांच्यासाठी काविका वर जंगलात झोपडी बांधून राहतो आणि ओऊ पक्ष्यावर नजर ठेवतो. ओऊ मी कधी पाहिला नाही. आमच्या आजोबांनी पाहिला होता. ते सांगायचे, अंग हिरवं, नराचं डोकं पिवळंधमक, चोच पोपटासारखी आणि शिट्टी अशी की ऐकणाऱ्याने काम सोडून बसावं. इएइएच्या वेलीची लाल कणसं खातो. पूर्वी खाली पेरूच्या बागांतसुद्धा यायचा म्हणे.

जाताना काविकाने ट्रकमध्ये खताची पोती टाकली. हारुए कुंपणावरून बघतच होती.

"हल्ली पक्ष्यांना खत घालतात का गं?"

मी सांगितलं, खत वेलीला. वेलीला फळ धरलं की पक्षी येतो.

"आणि ती हिरवी जाळी?"

जाळी उंदरांसाठी. उंदीर फळं खातात. काविकाने हे सगळं मला समजावून सांगितलंय. हारुएला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. त्याने मला कपडे धुण्याचं मशीन आणून दिलं तेव्हाही तिने असंच नाक मुरडलं होतं.

११ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले. इतकी वर्षं काविकाचं नाव निघालं की मी मान खाली घालायची. आज सगळ्यांसमोर सांगितलं की माझा भाऊ देवाच्या एका पाखराची राखण करतो, जो पक्षी आता कोणाला दिसत नाही तो त्याला रोज दिसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुर्ताडोबाई तर नंतर मिठी मारायला आल्या, म्हणाल्या, आमचा मुलगा जंगलखात्यात पक्ष्यांचंच काम करतो, त्याला सांगते.

घरी येताना हारुए सोबत होती. ती बुद्धाच्या देवळात जाणारी, चर्चमध्ये फक्त माझ्यासोबत गाणी ऐकायला येते. दारापाशी म्हणाली, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

१४ मार्च

फुर्ताडोंचा मुलगा आला. चांगला आहे. बूट बाहेर काढले, मला आंटी म्हणाला, रताळ्याचा केक खाल्ला. म्हणाला, "आंटी, मी या डोंगरात वर्षानुवर्षं फिरतोय. ओऊ आहे असं ऐकतो, पण माझ्या डोळ्यांनी एकदाच पाहिलाय, तोही पाठमोरा. तुमचा भाऊ खरंच रोज बघतो?" मी म्हटलं, रोज. कुठे, विचारलं. नेमकी जागा मला माहीत नाही. जुन्या लाव्ह्याच्या पलीकडे, इएइए दाट आहे तिथे, एवढं सांगितलं. त्याने कागदावर लिहून घेतलं.

१६ मार्च

काविका आला तो हात न धुता टेबलाशी बसला. फुर्ताडो त्याला खाली पेट्रोल पंपावर भेटला होता.

"ताई, तू कोणाकोणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, चांगली गोष्ट आहे, लपवायची कशाला?

"पक्षीबिक्षी काही नाही तिथे."

मग रोज काय बघतोस, असं मी विचारलं. तो बराच वेळ भांड्याच्या झाकणाशी खेळत बसला. मग हळूच म्हणाला, "आहे. पण माणसं आली तर उडून जाईल. आता कोणी विचारलं तर सांग, भाऊ खोटं बोलला."

असं मी कसं सांगेन? त्याला मान मिळायची सवय नाही, त्यामुळे मिळाला की घाबरतो. पोलिसांची हेलिकॉप्टरं दर वर्षी लोकांनी चोरून लावलेली झाडं उपटायला जंगलावरून फिरतात, त्यांच्या आवाजानेही पक्षी बुजतात असं तो म्हणतो. त्यामुळे त्याला हेलिकॉप्टरचा आवाजच सहन होत नाही. इथे माझ्या अंगणात असला तरी आत येऊन बसतो.

२२ मार्च

आज काविका वेळ नसताना आला. पाऊस होता. घरात न येता पायरीवरच बसला. मी छत्री घेऊन गेले.

"ताई, तो आलाय."

कोण, म्हटलं.

"ओऊ. नर आणि मादी दोघंही. सकाळी झोपडीच्या दारात चहा पीत होतो. वरून काहीतरी टपकलं, इएइएचं साल. वर बघितलं तर दोघं. नर कणीस एका पायाने धरून उकलत होता. डोकं असं पिवळं की डोळ्यात भरावं. मी हललो नाही. चहा गार झाला."

शिट्टी घालतो का, विचारलं. म्हणाला, "घालतो. आजोबा सांगायचे तशी नाही. त्याहून साधी. पण ताई, संपली की परत ऐकावीशी वाटते."

मला नवल वाटलं. दोन वर्षं हा माणूस ओऊच्या गोष्टी सांगतोय आणि आज असा बोलत होता, जणू जन्मात पहिल्यांदाच पाहिला. मी तसं म्हटलंही. तर हसला आणि म्हणाला, "हो ना."

२५ मार्च, रविवार

मोठा डोंगर फुटला. पहाटे उठले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल उजेड. हारुए अंगणात हात जोडून उभी होती. चर्चमध्ये आज प्रवचनाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझी आजी म्हणायची, डोंगरातली आगीची देवी आपल्या घरी येत असेल तर घर झाडून पुसून ठेवा आणि बाजूला व्हा, आदळआपट करू नका. मी संध्याकाळी फरशी पुसली. पाळकांना सांगणार नाही.

२७ मार्च

लाव्हा आमच्या बाजूला वळला. वरचा रस्ता बंद. जंगलातून तोफेसारखे आवाज येतात, जमिनीतला वायू पेट घेतो म्हणे. अंगणात राख आणि केसांसारखे काचेचे धागे पडतात. काविकाचा पत्ता नाही.

२८ मार्च

काविका उतरला. देवाचे आभार. जेवला नाही, सारखा खिडकीशी जाऊन धुराकडे बघत होता. दुपारी फुर्ताडो आला, डोळे तांबारलेले, कपड्यांना धुराचा वास. समोर बसून त्याने काविकाला सरळ विचारलं.

"तुम्ही मला खोटं सांगितलं असेल तर हरकत नाही. पण खरं असेल तर ऐका. प्रवाह दोन दिवसांत त्या पट्ट्यात उतरेल. मला हेलिकॉप्टर मिळालंय, जाळी आहेत, पिंजरे तयार आहेत. जागा माहीत असेल तर दोन पक्षी वाचवता येतील. नसेल तर मी नुसता जळतं जंगल बघत फिरेन."

काविका म्हणाला, "मला माहीत नाही."

मी मध्ये बोलणार होते. त्याने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

फुर्ताडो गेल्यावर मी काविकाला खूप बोलले. म्हटलं, ज्याच्या जिवावर जगलास त्याला जळू देतोस? सांगून टाक, पेपरात नाव येईल.

"पेपरात येईलच, ताई," तो म्हणाला. मग म्हणाला, तुला काही कळत नाही, आणि लगेच, तेच बरंय.

२९ मार्च

सकाळी त्याचं अंथरूण रिकामं. शिकाऱ्यांच्या जुन्या वाटेने गेला असणार. कोयता नाही, रिकामी पोतीही नाहीत. पोती कशाला नेली, कळत नाही. पक्षी पोत्यात कसे आणणार?

३० मार्च

वरती प्रवाहाचा काठ फुटला आणि नवी धार निघाली, असं रेडिओवर सांगितलं. जंगल नुसतं पेटलंय. मी पोलिसांना फोन करायला उठले, माझा भाऊ वर अडकलाय म्हणून. हारुएने फोनवर हात ठेवला.

"करायचाच तर कर. पण पक्ष्यांचं काही सांगू नकोस. शिकारीला गेलाय म्हण."

का, म्हटलं.

तिने हात काढला नाही. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. म्हणाली, "तू खरंच विचारतेस?"

मी फोन केला नाही. घरी येऊन मशीनमध्ये चादरी टाकल्या. धुतलेल्याच होत्या.

३१ मार्च, शनिवार

आला. जिवंत आहे. भुवया जळाल्यात, एका बुटाचा तळ वितळून पानासारखा वाकडा झालाय, हाताला फोड. पोती बरोबर नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, टाकली. आपल्या हिरव्या जाळीने तो दिवसभर ओऊ पकडायचा प्रयत्न करत होता. झाडावर चढला, पडला. नर त्याच्याभोवती फिरत होता पण जाळीत येईना. धूर दाटला तेव्हा उतरला.

फोडांना कोरफड लावून होते न होते तोच त्याने स्वतः फुर्ताडोला फोन केला. तो तासाभरात हजर.

"जागा दाखवतो," काविका म्हणाला. "पण तिथे तुला आणखी एक गोष्ट दिसेल."

फुर्ताडोने विचारलं, काय. तेव्हा मी उठले आणि नळ सोडून भांडी घासायला लागले. आमच्या नळाला जोर फार, नीट ऐकू येत नाही. तो शब्द मात्र ऐकू आला. इथे लिहीत नाही.

नळ बंद केला तेव्हा फुर्ताडो बोलत होता. "तुम्ही नुसतं नकाशावर बोट ठेवा, दादा. तुम्ही येऊ नका. मी काही बघितलं नाही म्हणेन. पण पायलट पोलिसांचंही काम करतो, त्याचे डोळे मी बांधू शकत नाही."

"बोट ठेवून सापडायचे नाहीत. कुठल्या झाडावर झोपतात ते मलाच माहीत."

"मग विचार करा."

"केला. वाटेत बसून तेवढंच केलं."

फुर्ताडो गेल्यावर मी विचारलं, होनोलुलूच्या त्या गृहस्थांना कळवायला नको का?

"तसं कोणी नाही, ताई."

मग ते मशीन, म्हटलं.

"मशीन वापर," तो म्हणाला. "चांगलं आहे."

१ एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. दिवसभर अंगणात उभी राहून हेलिकॉप्टरच्या आवाजाकडे कान. धुरामुळे काही दिसत नव्हतं.

दुपारनंतर फुर्ताडोची गाडी आली. पुढे तो, मागे मांडीवर खोका घेऊन काविका. त्यांच्यामागे पोलिसांची गाडी, पण ती फाटकाबाहेरच थांबली. काविका इतकंच म्हणाला, "मादी मिळाली. नर धुरात शिरला."

विमानतळावर पिंजरा यायला वेळ होता आणि पक्षी गारठला होता, म्हणून माझं स्वयंपाकघर. खोक्यात मऊ कापड, त्यावर ती. पिवळं डोकं नाही हिचं, नुसती हिरवी, शेवाळासारखी. चोच गुलाबी, जाड. डोळे मिटून बसलेली. काविकाने खिशातून इएइएचं कणीस काढलं, येताना तोडून आणलेलं. आपल्या फोडांच्या बोटांनी लाल दाणे सुटे करून तिच्यापुढे धरले. कितीतरी वेळ काही नाही. मग तिने एक घेतला. काविकाने माझ्याकडे बघितलं. लहानपणी पहिला मासा पकडला तेव्हा असंच बघितलं होतं.

पोलीस आत आला तो टोपी काढून. तोही याच गल्लीत वाढलेला पोरगा. म्हणाला, "आंटी, थांबायचं तेवढं थांबलो." काविकाने हात धुतले, साबण लावून, आणि गेला.

हारुए रात्रीचं जेवण घेऊन आली. काही बोलली नाही. तिने बोलावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

९ एप्रिल

प्रवाह मंदावलाय. गावाच्या वरतीच घुटमळतोय. लोक देवीला दारू आणि फुलं वाहून आले. काविकाने गुन्हा कबूल केला. वकील म्हणाला, आधीची शिक्षा होऊन गेलीय म्हणून या वेळी जास्त होईल. पेपरात बातमी आली. खरंच आली. पक्ष्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत.

चर्चमध्ये माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. फुर्ताडोबाई मागून उठून शेजारी येऊन बसल्या.

१६ एप्रिल

डोंगर शांत झाला. गाव वाचलं.

फुर्ताडो आला होता. बातमी सांगायला त्याला जड जात होतं. पट्टा जळला, सगळा, पण काविकाची ती जागा जळली नाही. लाव्हा वरती फुटून दोन्ही बाजूंनी गेला आणि मध्ये तेवढं रान हिरवं राहिलं. अशा वाचलेल्या रानाला आम्ही कीपुका म्हणतो. झोपडी तशीच उभी आहे, वेली तशाच.

म्हणजे तो काही बोलला नसता तरी पक्षी जगले असते. दोघंही एकत्र. आणि हा आज माझ्याकडे जेवायला असता.

मी हे फुर्ताडोला म्हटलं नाही. तोच म्हणाला, "आंटी, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं." मादी पिंजऱ्यात दिवसेंदिवस खंगतेय, पपई खात नाही, जेमतेम जीव धरून आहे. वरिष्ठांना विचारून तिला परत तिथेच सोडायचं ठरलंय.

मी म्हटलं, मी येणार. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, माझा भाऊ या पाखरापायी आत बसलाय, मला निदान ते सुटताना बघू दे.

१९ एप्रिल

हेलिकॉप्टरमध्ये पहिल्यांदा बसले. खाली काळं, अजून वाफाळणारं, पाऊस पडेल तिथे फुसफुसणारं. मध्येच एक हिरवा ठिपका.

मी तिथे सगळं बघितलं. झोपडीमागे काळ्या कुंड्या रांगेने मांडलेल्या, पोलिसांनी उपटलेली रोपं बाजूला वाळून पडलेली. गांजा. आता लिहिते, लिहिल्याने काही होत नाही. रांगा सरळ होत्या, तण एक नाही. त्याला वाफा कसा धरायचा ते मीच शिकवलं होतं, रताळ्यांसाठी. आणि इएइएच्या बुंध्याशी उंदरांचे सापळे लावलेले, खोडाला पत्रा गुंडाळलेला, उंदीर चढू नयेत म्हणून. पत्रा अजून चकचकीत होता. ते काम नवं होतं.

मला आधीपासून माहीत होतं का? हारुएने विचारलं ते रोज मनात येतं. माहीत नव्हतं असं मी देवासमोर म्हणू शकत नाही. माहीत होतं असंही नाही.

फुर्ताडोने खोका उघडला. ती पटकन बाहेर येईना. मग वेलीवर गेली, एक दाणा खाल्ला, चोच फांदीला पुसली, आणि वर पानांत दिसेनाशी झाली. आम्ही नराची वाट बघत उभे राहिलो. फुर्ताडो तोंडाने शिट्टी घालत होता. काही नाही. मग पायलट हाक मारायला लागला. फुर्ताडो म्हणाला, वारा उलटा असेल. वारा नव्हता.

२२ एप्रिल, ईस्टर

चर्चनंतर तुरुंगात गेले. काविका बारीक झालाय, भुवया परत यायला लागल्यात. रताळ्याचा केक नेला होता, दारात काढून घेतला. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने विचारलं.

"सोडली?"

सोडली, म्हटलं. वेलीवर बसली, खाल्लं, उडाली.

"आणि तो?"

वाटेत मी ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. इतकं खोटं झालं या घरात. पण तो टेबलावर पुढे झुकून बसला होता, हात एकमेकांत अडकवून.

मी म्हटलं, "तोही आला. ती वर गेल्या गेल्या आला. पिवळं डोकं लांबूनच दिसलं. दोघं एका फांदीवर बसले."

"शिट्टी घातली त्याने?"

"घातली."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी अंगाई चुकीची म्हटली की असाच बघायचा. मग म्हणाला, "ताई, कशी ते करून दाखव ना."

मी ती शिट्टी कधी ऐकलेली नाही. मादी माझ्या स्वयंपाकघरात चकार शब्द बोलली नव्हती. मला एकच शिट्टी येते, मासाओ कुत्र्याला बोलवायचा ती. मी तीच घातली, हळू, थोडी लांबवून. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. पहारेकरीही.

काविकाने डोळे मिटून ऐकली. संपल्यावरही काही वेळ मिटलेलेच ठेवले.

"हो," तो म्हणाला. "तोच. अगदी तसाच घालतो."

त्याला पटलं. देवा, आज सणाच्या दिवशी खोटं बोलले, मला क्षमा कर. पुढच्या रविवारी परत घाल म्हणालाय, म्हणून आल्यापासून तीच घोकतेय, विसरायला नको.